स्टुलाशेजारची फरशी

निवृत्त कारकुनाकडे दोन गोष्टी साठतात, पित्त आणि किस्से. पित्तावर गोळी मिळते. निपाणीजवळच्या एका पीयू, म्हणजे अकरावी-बारावीच्या, कॉलेजच्या ऑफिसात मी एकतीस वर्षं काढली. किस्से भरपूर, पण त्यातले चांगले सगळे आमच्या शिपाई शारदाक्कांचे निघाले, याचं मला आजही वाईट वाटतं.

*

माझ्या टेबलासमोर गादीची खुर्ची होती. आक्कांच्या स्टुलाशेजारी नुसती फरशी. पोरी बसपासच्या सहीसाठी माझ्यापुढं उभ्या राहायच्या आणि सही झाली की जाऊन फरशीवर बसायच्या. मी महिन्याला तीन पुस्तकं वाचणारा माणूस, आक्का सातवी नापास. एकदा न राहवून विचारलं, "आक्का, एवढं बोलता तरी काय?"

"बोलत्यात त्या, अण्णा. माझं काम नुस्तं ऐकायचं."

*

एकदा बेळगावहून डॉक्टरीणबाई आल्या. विषय, वयात येताना घ्यायची काळजी. प्रश्न चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायचे, नाव घालायचं नाही. चिठ्ठ्या निघाल्या बावीस. वीस केस गळण्याच्या, दोन कॅन्टीनच्या भज्यांच्या. प्राचार्य खूश. "बघा, आपल्या पोरींना असले प्रश्नच पडत न्हाईत."

आक्का टेबल पुसत होत्या. मला हळूच म्हणाल्या, "पेटी तुमच्या टेबलावर ठेवलीसा. कोण टाकणार?"

*

पुढच्या जुलैत बोरगावची रेखा, सेकंड पीयूसीतली, गरोदर असल्याचं कळलं. म्हणजे मला कळलं. आक्कांना आधीच ठाऊक होतं. खरं सांगतो, मला राग पोरीचा आला नाही, आपल्याला उशिरा कळल्याचा आला.

मीटिंग बसली. आम्ही पाच पुरुष. प्राचार्यांचा पहिला प्रश्न मला. "वय?"

"अठरा वर्षं, सात महिने."

सगळ्यांनी श्वास सोडला. पोलिसांचं लचांड टळलं! मग कॉलेजच्या नावाची काळजी झाली. रेखाचं नाव शेवटी निघालं, तेही दाखला कुणाचा काढायचा म्हणून.

मी म्हणालो, "आणि पोरगा? तोबी आपलाच हाय की."

"चुकलं पोरगं," खेळाचे सर म्हणाले. "पुढच्या महिन्यात त्याच्या कबड्डीच्या मॅचेस हायत."

*

दाखल्याचा अर्ज मीच लिहून दिला, 'घरगुती कारणास्तव'. वडिलांनी खाली बघून सही केली. रेखा दाराशी उभी होती.

"सर, परीक्षा तेवढी द्यायची हुती."

"वाचन चालू ठेव," मी म्हणालो. एवढ्या पुस्तकांतून मला एवढंच सुचलं.

दाखल्याआधी आमच्याकडे नो-ड्यूजचा कागद फिरतो. ग्रंथालय, प्रयोगशाळा, खेळ, सगळीकडून 'बाकी नाही' अशा सह्या लागतात. कागद फिरवायचं काम आक्कांचं. आठवड्यानं विचारलं, तर "ग्रंथपाल रजेवर." महिन्यानं विचारलं, तर "खेळाचं सर मैदानावर." डिसेंबरात प्राचार्यांनी विचारलं, तेव्हा "फिरतोय की, साहेब." सह्या पुऱ्या नाहीत तोवर दाखला नाही, आणि दाखला नाही तोवर नाव पटावर. रेखाचा परीक्षेचा फॉर्म गेला, हॉलतिकीटही आलं.

एकतीस वर्षं हा नियम मी सांभाळला आणि त्याचा उपयोग सुचला आक्कांना. रेखाची हजेरी डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवर मी बसवून दिली होती. हे दुसरं कुणी सांगत नाही, म्हणून मीच सांगतो.

*

मार्चमध्ये रेखा पेपराला आली. घरचं कुणी सोबत नव्हतं. दोन महिन्यांचं बाळ आक्कांच्या मांडीवर देऊन ती वर्गात गेली. मी बाळाला घेऊ का विचारलं. आक्का म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे अण्णा, तुम्हाला बघून रडंल."

तासाभरानं तपासणीचं पथक आलं. व्हरांड्यात बाळ बघून मोठे साहेब थबकले.

"हे बाळ कुणाचं?"

प्राचार्य रुमाल शोधू लागले. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण आक्का आधी बोलल्या.

"माझं."

साहेबांनी त्यांच्या पांढऱ्या अंबाड्याकडं बघितलं. "कितवं?"

"मोजलेली न्हाईत," आक्का म्हणाल्या.