भाजणीतला तांदूळ

कात्रपमधलं ते भाजणीचं प्रकरण मी अजून विसरलेलो नाही. माझ्याकडे खून-दरोड्याच्या गोष्टी ऐकायला आलेली मंडळी भाजणीचं नाव काढलं की गालातल्या गालात हसतात. हसू द्या बापडी. नोकरीची शेवटची वर्षं मी बदलापुरात काढली आणि त्या काळात माझा खरा कस या भाजणीने पाहिला.

दिवाळी तोंडावर आली होती. एके सकाळी एकाच इमारतीतली काही कुटुंबं पोलीस ठाण्यात आली. आदल्या दिवशी घरोघरी चकल्या तळल्या होत्या आणि संध्याकाळपासून मुलांना उलट्या सुरू झाल्या होत्या. मुलं धोक्याबाहेर आहेत ना, हे मी सगळ्यात आधी विचारून घेतलं. डॉक्टरांचं म्हणणं होतं की हे शिळंपाकं खाल्ल्यासारखं दिसत नाही, पोटात काहीतरी रसायन गेलंय. चकल्यांची भाजणी सगळ्यांनी त्याच इमारतीतल्या एका बाईंकडून घेतली होती. ठाणे अंमलदाराने तक्रार नोंदवली आणि मी पंच व एक महिला शिपाई घेऊन निघालो.

बाई दुसऱ्या मजल्यावर राहत. त्यांचे यजमान अंबरनाथच्या एका कारखान्यात होते. तिथलं काम सुटल्यावर बाईंनी घरातच भाजणी करून विकायला सुरुवात केली. आधी शेजारी, मग शेजाऱ्यांचे नातेवाईक, असं करत पसारा वाढला. उल्हासनगरच्या बाजारातून पिशव्या सील करायचं छोटं मशीन आणलं, लेबल छापून घेतलं. खाद्यपदार्थांचा परवाना काढून देवाच्या फोटोशेजारी टांगला होता. त्या वर्षी उल्हासनगरच्या एका सिंधी दुकानदाराने प्रथमच मोठी ऑर्डर दिली होती. त्या ऑर्डरवर घर चालणार होतं, यजमानही आता त्याच कामाला जुंपले होते. आम्ही दारात उभे राहिलो तेव्हा बाईंनी एकही सबब सांगितली नाही.

"साहेब, जे न्यायचं ते न्या, पण माझी भाजणी माझ्या मुलानेही खाल्लीय. तोही दवाखान्यातच आहे," एवढंच त्या म्हणाल्या.

उरलेल्या भाजणीचा पंचनामा केला, नमुने लाखेने सील करून तपासणीला पाठवले. अहवाल यायला वेळ लागणार होता. पण सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपला अहवालाची गरज नव्हती. तिथे संध्याकाळपर्यंत निकाल लागून मोकळा झाला होता.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. आवाज खाली आणून म्हणाले, "साहेब, माझं नाव कुठे येऊ देऊ नका. त्यांच्याकडे ती कामवाली आहे ना, बारवी धरणाकडच्या पाड्यावरची, तिला परवाच बाई ओरडल्या होत्या. हे लोक जंगलातलं काय काय आणतात. तुम्ही समजून घ्या."

मी काय समजायचं ते समजलो. खबर घ्यावी, पण खबर देणाऱ्याचा चेहरा आधी वाचावा. चोरी होवो की विषबाधा, इमारतीत बोट सगळ्यात आधी जिन्यावरून चपला हातात घेऊन चढणाऱ्या माणसाकडे वळतं. तरीही खबर आली म्हणजे चौकशी करावीच लागते. ग्रुपवर तिचा फोटो फिरत होता. मी आणखी थोडा उशीर केला असता, तर लोकांनीच तिला गाठलं असतं.

महिला शिपायाला समोर बसवून मी तिचा जबाब घेतला. मध्यम वयाची, काटक बाई. हात गुडघ्यांत दाबून बसली होती.

"मी कशाला घालीन साहेब? ज्या घरावर माझी चूल पेटते, त्याच घरात ईष कालवीन?"

"बाई ओरडल्या म्हणून?"

"त्या तर रोजच ओरडतात. मंग चा पन त्याच देतात."

मला हसू आलं, पण दाबलं. संशयिताला गुन्ह्याबद्दल विचारू नये, दिवसाबद्दल विचारावं, अशी माझी पद्धत. मी तिला भाजणी केली त्या दिवसाचं सगळं काम क्रमाने सांगायला लावलं. डाळी भाजल्या, धणे-जिरं भाजलं. दुपारी तांदूळ कमी पडला. ती तयार झालेला माल घेऊन गिरणीत गेली, परत आली तर तांदळाची परात पुन्हा भरलेली होती.

"कोणी भरली?"

"घरातल्यांनीच भरली आसंल. मी भाजाया बसले."

"तांदूळ धुतला होतास?"

"औंदा धुवायचा नाय, आसं ताईंनी सांगितलं. पाकिटातला सोच्छ आसतोय, आन पाऊस जाईना म्हनून वाळवायला जागा नाय."

चकलीच्या भाजणीत तांदूळ सगळ्यात जास्त. मी टोपी उचलली आणि पुन्हा कात्रपला गेलो.

घराला अवकळा आली होती. कढया तशाच पडलेल्या, ओट्यावर पीठ सांडलेलं. दिवाळीचं घर वाटतच नव्हतं. पण गॅलरीत तांदळाचं पत्र्याचं मोठं पिंप घासूनपुसून पालथं घातलेलं होतं. अख्ख्या घरात तेवढीच एक वस्तू लख्ख. पोलिसाने घाणीपेक्षा अशा स्वच्छतेकडे जास्त बघावं.

बाईंच्या सासूबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. जवळच्याच सोनिवली गावच्या शेतकरी घरातल्या. बरीचशी जमीन इमारतींखाली गेली, पण राहिलेल्या तुकड्यात अजून भात लावतात आणि वर्षाचा तांदूळ घरी येतो, असं मला आदल्याच दिवशी कळलं होतं.

"पिंप कशाला रिकामं केलंत, आजी?"

"दिवाळीची साफसफाय."

सुनेने चमकून पाहिलं. "आई, पिंप तर भरलेलं होतं की. तांदूळ गेला कुठे?"

सराईत गुन्हेगार असता तर पुरावा एव्हाना उल्हास नदीत वाहून गेला असता. पण माझी आईही भात लावणारी. सांडलेला दाणा उचलून कपाळाला लावल्याशिवाय तिला पुढे पाऊल टाकता येत नसे. अशी बाई कितीही घाबरली तरी तांदूळ फेकणार नाही. म्हणून "फेकला का" असं मी विचारलंच नाही.

"आजी, तांदूळ ठेवलाय कुठे?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग उठल्या, दिवाणाची गादी बाजूला केली आणि फळी उचलली. आत गोणी होती. मी हात घातला, तर बोटं पांढरी झाली. बोरिक पावडर. वर्षाच्या तांदळाला किडे लागू नयेत म्हणून आपल्याकडे घरोघरी चोळतात, माझ्याही घरी चोळत. आणि शिजवण्याआधी तांदूळ चांगला चोळून धुतात.

"पोरीची ऑर्डर आडली हुती," आजींचा आवाज फुटला. "तांदूळ कमी पडला म्हनून आपल्या घरचा घातला. म्हनलं चव येईल. मागल्या साली टोके लय झालते, म्हनून औंदा पावडर जास्तच चोळलेली. पन तांदूळ धुतल्याबिगर कोन भाजतो का? यांनी धुवायचं सोडलं, ह्ये मला कोन सांगणार?"

"आणि मला कोण सांगणार की तुम्ही पिंपातला घातलात?" सून म्हणाली आणि तिथेच खाली बसली.

एकीला धुणं बंद झाल्याचं ठाऊक नव्हतं, दुसरीला तांदूळ बदलल्याचं. दोघींच्या मनात तसूभर पाप नव्हतं. पण मी चिडलो ते वेगळ्याच गोष्टीवर.

"आजी, त्या गरीब बाईवर आळ आला तेव्हा का नाही बोललात?"

"सुनेला बेड्या घालशीला म्हनून. मंग तिचं नाव आलं आन माझं तोंडच उघडंना." त्या रडू लागल्या. मला कीव आली आणि रागही आला, दोन्ही एकदम. तो राग मी लपवला नाही.

पुढे अहवालातही बोरिकच आलं. निष्काळजीपणाचं प्रकरण रीतसर कोर्टात गेलं. बाईंनी चूक कबूल केली, दंड भरला. मुलं खडखडीत बरी झाली. पण त्याआधी बाईंनी जे केलं ते त्यांना कोणत्याही कलमाने सांगितलं नव्हतं. सासूला बरोबर घेऊन त्या घरोघर गेल्या, काय घडलं ते सांगितलं आणि पाकिटं परत घेतली. उल्हासनगरलाही स्वतः गेल्या. दुकानदार माझ्याकडे जबाब द्यायला आला तेव्हा म्हणाला, "साहब, माल खराब होता है तो लोग फोन बंद कर देते हैं. ये बाई खुद गलती बताने आयी. अगली दिवाली माल इसीका लूँगा."

मात्र कामवाली परत यायला तयार नव्हती. सून पाड्यावर जाऊन आली, पैसे वाढवून देते म्हणाली. तिने मानेनेच नाही म्हटलं. तिची एकच अट होती. ज्या इमारतीत नाव खराब झालं, त्याच इमारतीत, सगळ्यांसमोर ते धुऊन निघालं पाहिजे.

रविवारी सकाळी आवारात माणसं जमली. मला निरोप होता, साध्या कपड्यांत जाऊन मागे उभा राहिलो. आजी पुढे आल्या. त्यांचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत गेला. "चूक माझी हुती. मला ठाव हुतं आन मी गप बसले. हिचा काय बी दोष नाय." आणि त्यांनी त्या बाईपुढे हात जोडले. तिने ते घाईघाईने खाली केले. सेक्रेटरी चपलांकडे बघत होते. आमची महिला शिपाई डोळे पुसत होती आणि मीही पुसले, हे सांगायला आता लाज कसली.

आज त्या तिघी मिळून तो व्यवसाय चालवतात. कामवाली आता पगारी नाही, भागीदार आहे. तांदूळ कुठलाही असो, तिने धुतल्याशिवाय कढईत पडत नाही.

या प्रकरणाने मला शिकवलं की गुन्हा शोधताना कोणाचा डाव होता हे विचारावं, तसंच कोणाची भीती होती हेही विचारावं. घरातली चांगली माणसं भीतीपोटी गप्प बसतात आणि त्यांच्या गप्प बसण्याची किंमत बाहेरचा कोणीतरी मोजतो. त्या आठवड्यात सेक्रेटरी, ग्रुप आणि अर्धी इमारत माझ्याकडून त्या कामवालीच्या अटकेवरच्या एकाच सहीची वाट पाहत होती. नोकरीत मी पुष्कळ लोकांना पकडलं, त्यातले बरेच आता चेहऱ्यानेही आठवत नाहीत. जिला पकडलं नाही, ती बाई मात्र दर दिवाळीला आठवते.