नुवागिराचे पिवळे डोळे

आमच्या चहाच्या कारखान्यात पानांचा काटा सांभाळणारा नुवागिरा दारूच्या थेंबालाही शिवत नसे. त्याच्या पंथात दारू म्हणजे पाप, आणि पाप घडलंच तर रविवारी सगळ्यांसमोर उभं राहून कबूल करायचं. चर्चमधल्या गाणाऱ्यांचा तो म्होरक्या होता आणि त्या जागेवर त्याचा जीव होता.

त्याचे डोळे पिवळे झाले आणि अख्ख्या बुशेन्यी गावानं ठरवून टाकलं की हा चोरून पितो.

"नाहीतर यकृत सुजेल कशानं?" पाळक मला म्हणाले. "रविवारी कबूल करू दे. नाहीतर त्याचं गाणं बंद."

मी त्याला दवाखान्यात नेलं, तर तिथंही तेच.

"किती पिता?" डॉक्टरांनी विचारलं.

"अजिबात नाही."

"सगळे असंच म्हणतात."

काविळीच्या विषाणूंच्या तपासण्यांत काही निघालं नाही, तरी त्यांचा प्रश्न बदलेना. शेवटी बाळाला पाठीशी बांधून बसलेली त्याची बायको कोबुसिंगे भडकली.

"पुरे झालं दारूचं! त्याच्या तळहातांवरचे डाग बघा. मी पोटुशी असताना माझ्या रक्तात गरमी, तो गुप्तरोग, निघाली होती. मला सुया दिल्या, नवऱ्यालाही आणा म्हणाले. हा आला का?"

"तुला टोचलं म्हणजे घराला टोचलं," नुवागिरा पुटपुटला.

"मग आजपासून जेवणातली मटोके केळीही मीच खाते. बघू तुझं पोट भरतं का!"

आमच्याकडच्या किती पुरुषांचा हा समज आहे, काय सांगू! रक्त तपासलं, गरमीच निघाली. यकृतही त्या रोगानंच सुजवलं होतं. दोघांनाही पेनिसिलिन टोचलं.

"आता पाळकांना सांग, दारू नव्हती म्हणून," मी म्हटलं.

"मग काय होतं, असं विचारलं तर?"

रविवारी हा पठ्ठ्या उभा राहिला आणि रडत म्हणाला, "बंधूंनो, मी चोरून प्यायलो!" लोकांनी त्याला मिठ्या मारल्या. जागा वाचली. मी कपाळाला हात लावला.

बाहेर कोबुसिंगेनं त्याला गाठलं. "न प्यायलेली दारू कबूल केलीस. आता जिच्याकडून हे आणलंस, तिला उद्या दवाखान्यात ने. नाहीतर पुढच्या रविवारी मी उभी राहते."

सोमवारी काट्यावर नुवागिरा नव्हता.

काही आठवड्यांनी त्याचे डोळे निवळले. पाळक मुद्दाम माझ्या टेबलापाशी आले.

"बघितलंत? दारू सोडली की यकृत सुधारतं."