बोर्गोदोराच्या चौकात नाव घेत नाहीत

नुआला डेव्हनी आयर्लंडहून इंग्रजी शिकवायला इटलीतल्या आमच्या बोर्गोदोरात आली ती सप्टेंबरात, आणि पहिल्याच आठवड्यात तिच्या वर्गात एका पोराचं नाक फुटलं. फोडलं पेरिनोनं. ओत्ताविओ पेरिनो म्हणजे आमच्या हॉटेल-शाळेचा उपमुख्याध्यापक, गणिताचा मास्तर, अंगात बैलाची ताकद आणि डोक्यात तेवढीच अक्कल. वर्गात दंगा चालला होता, हे खरं. पुढे आचारी आणि वेटर व्हायची ती पोरं, इंग्रजीच्या तासाला बाकं बडवत बसायची आणि नुआला फळ्यापाशी "प्लीज, प्लीज" करत उभी. पेरिनो दार ढकलून आत आला, पहिल्या बाकावरच्या पोराची मान धरली आणि त्याचं तोंड बाकावर आपटलं. वर्ग चिडीचूप.

"इकडे असं शिकवतात, मॅडम," तो रुमालाला हात पुसत म्हणाला.

दुसरी एखादी गप्प बसली असती. ही बया तडक त्याच्या मागोमाग शिक्षकांच्या खोलीत गेली आणि सगळ्यांसमोर, मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये पण ठासून म्हणाली, "ह्याला शिकवणं म्हणत नाहीत. ह्याला जनावरपणा म्हणतात."

झालं! पेरिनोनं तिच्यावर दात धरला. तिला सगळ्यात वांड वर्ग दिले, हिवाळ्यात शेगडी नसलेली खोली दिली. बैठकीत ती बोलायला लागली की तो मोठ्यानं जांभई द्यायचा. आणि गोम अशी की तिला घेतलं होतं वर्षापुरतं. पुढे ठेवायचं की नाही हे कार्निव्हल झाला की ठरणार होतं, आणि ठरवणार होता पेरिनो. तिकडे परत जावं तर आई वारलेली, भावानं घर विकून टाकलेलं. तिला इथंच राहायचं होतं. ती आमच्या गावात रुजली तर रुजली, नाहीतर तिला कुठंच जागा नव्हती.

रुजायला तिला एक घर मात्र बरं मिळालं. चौकावरच एर्नेस्ता बोल्लेआ नावाची विधवा राहते, तिच्या वरच्या मजल्यावरची खोली. एर्नेस्ताची जीभ म्हणजे खवणी. पहिल्या दिवशीच म्हणाली, "काय गं, तुझ्या देशात जेवत नाहीत का? हाडं मोजून घे म्हणते आहेस!" आणि ताट भरून वाढलं. तिचा मुलगा सेकोंदो, चाळिशीचा, बिनलग्नाचा, खोऱ्यातल्या पोरांना शाळेत आणणारी बस चालवायचा. डोंगरातला तो रस्ता, एका बाजूला कडा, एका बाजूला नदी. पण सेकोंदोच्या हातात बस असली की आया निर्धास्त. त्यानंच नुआलाला लाकडं कुठून घ्यायची, कसायाशी कशी हुज्जत घालायची, पोरांवर कसं डाफरायचं ते शिकवलं.

"प्लीज म्हणू नकोस," तो सांगायचा. "प्लीज म्हटलं की आमची पोरं डोक्यावर बसतात. म्हण, ए गाढवा!"

"ए गाढवा, प्लीज," नुआला म्हणायची, आणि मायलेकरं हसून हसून लोळायची. संध्याकाळी बसचा हॉर्न कोपऱ्यावर वाजला की नुआलाचा चेहरा खुलायचा. एर्नेस्ताला ते दिसत होतं. ती दोघांची ताटं हळूहळू जवळ मांडायला लागली होती.

फेब्रुवारीत कार्निव्हलला आमच्याकडे संत्र्यांची लढाई असते. तीन दिवस. एकेका धंद्याची एकेक घोडागाडी, तिच्यावर उभे असतात ते गाडीवाले, जाड फुगीर कोट आणि डोक्याला चामड्याचा मुखवटा, तोंडावर लोखंडी जाळी. खाली पायदळ, उघड्या तोंडानं. गाडी चौकात शिरली की दोन्हीकडून संत्र्यांचा मारा. ओठ फाटतात, दात पडतात, रस आणि घोड्यांची लीद आणि रक्त ह्यांचा घोटाभर चिखल होतो. ज्याला खेळायचं नाही त्यानं लाल टोपी घालायची, त्याला कुणी मारत नाही. आणि गाडीवाल्यानं हातमोजा काढून उघडा हात वर केला की समजायचं, त्याला मुखवटा वर करायचाय. मुखवटा पुन्हा खाली येईपर्यंत त्याच्यावर एक साल पण टाकायची नाही. बाकी काही नियम नाहीत. हो, एक आहे. चौकात कुणी कुणाला मारलं त्याचं नाव नंतर घ्यायचं नाही. घरात नाही, दारूच्या गुत्त्यात नाही, पोलिसांपुढे तर नाहीच. मागं एकदा एकाचा जबडा मोडला. मोडणारा त्याचा साडू होता. दोघं अजून एका टेबलावर पत्ते खेळतात.

एर्नेस्तानं हे सगळं तिला नीट समजावलं आणि हातात लाल टोपी दिली. "घाल आणि खिडकीत बस माझ्याबरोबर."

नुआलानं टोपी घातलीही असती. पण शुक्रवारी पेरिनो शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मी बेकरांच्या गाडीवर असतो, पुढच्या कोपऱ्यात. कोटावर पिवळा कोंबडा आहे. मॅडमना जनावर बघायचं असेल तर या म्हणावं. पण येतायत कुठल्या, लाल टोपी घालून बसतील!"

रविवारी नुआला बिनटोपीची चौकात उतरली. बेकरांची गाडी आली, पुढच्या कोपऱ्यात पिवळा कोंबडा. पेरिनोनं तिला हेरलं आणि पहिलंच संत्रं तिच्या तोंडावर बसलं. तिचा ओठ फाटला. दुसरं डोळ्याखाली. ती गुडघ्यावर पडली, लोकांनी उचललं, ती पुन्हा गाडीच्या चाकाला भिडली. तिला नेम नव्हता, पण मागं हटत नव्हती. सोमवारी तर ती सुजलेला डोळा घेऊनच गेली. पेरिनोनं पुन्हा तोंडच फोडलं. दात हलला. ती रक्त थुंकली आणि मारत राहिली.

आणि गंमत बघा, गाव तिच्या प्रेमात पडलं! जो पाववाला सहा महिने तिच्याकडे मान वर करून बघत नव्हता, त्यानं दुकानाबाहेर येऊन तिच्या पिशवीत गरम पाव टाकला, पैसे घेईना. वर्गातली वांड पोरं रस्त्यात ओरडली, "मिस, उद्या फाडा त्याला!" म्हाताऱ्या बायका तिचा जखमी गाल धरून मुके घ्यायला लागल्या. आम्ही असेच आहोत, आमच्यात यायचं तर रक्त सांडावं लागतं.

"पुरे झालं," सोमवारी रात्री सेकोंदो तिच्या गालाला बर्फ लावत म्हणाला. "कुणाला काय दाखवायचंय तुला?"

"त्याला. मी त्याला सोडणार नाही."

"अगं, खेळ आहे तो."

"तुझ्यासाठी खेळ," नुआला म्हणाली. पहिल्या आठवड्यापासूनचं सगळं तिच्या मनगटात येऊन साठलं होतं. आयुष्यात कुणाला टपली मारली नव्हती तिनं. आता तिला एका माणसाचं तोंड फोडायचं होतं, आणि त्याची तिला लाज वाटत नव्हती.

मंगळवारी सेकोंदो सकाळीच निघून गेला. बेकरांच्या गाडीचे घोडे सांभाळायला दरवर्षी तोच असायचा. नुआला पेटाऱ्याशी बसली आणि संत्री दाबून बघत, कच्ची, टणक तेवढी निवडून झोळीत भरत राहिली. मऊ मारायची असतात, नियम नसला तरी सगळ्यांना ठाऊक आहे. तिलाही ठाऊक होतं.

दुपारी गाडी आली. पिवळा कोंबडा पुढच्या कोपऱ्यात. नुआला चाकाजवळ घुसली आणि तिनं मारायला सुरुवात केली. आज नेम लागत होता. जाळीवर, मानेवर, पुन्हा जाळीवर. वरून तो पण मारत होता, पण आज तोंडावर नाही. खांद्यावर, दंडावर, तेही हलक्या हातानं. नुआलाच्या डोक्यात तिडीक गेली. खेळवतोय मला! शाळेत जांभई देतो तशी इथं पण जांभई देतोय! ती चाकाच्या आऱ्यावर पाय देऊन वर चढली. बाजूचे ओरडले, "अगं ए, उतर खाली!" तिला काही ऐकू येत नव्हतं.

कोंबडेवाल्यानं मारायचं थांबवलं. हातमोजा काढला. उघडा हात वर केला, आणि दुसऱ्या हातानं मुखवटा हनुवटीपासून वर उचलायला लागला.

तिनं हात बघितला होता. ते मला पक्कं माहीत आहे, कारण तिचा स्वतःचा हात तेव्हा मागं गेलेला होता आणि तो क्षणभर तिथंच थांबला. मग सुटला. दोन हातांवरून, सगळ्या ताकदीनिशी.

तोवर मुखवटा डोळ्यांच्या वर सरकला होता, आवाज ओला आला. तो माणूस गाडीच्या कठड्यावर वाकला आणि त्याच्या बोटांमधून काहीतरी गळायला लागलं, ते नुसतं रक्त नव्हतं. शिट्ट्या वाजल्या. घोडे बिचकले, गाडी हिसडली, नुआला खाली चिखलात पडली. उठून बघते तर समोर कमानीखाली पेरिनो. अंगात घरचा ओव्हरकोट, डोक्यावर लाल टोपी, हातात काठी.

"कंबर धरली सकाळी," तो तिलाच सांगत होता, जसं काही दोघं वर्षानुवर्षांचे दोस्त आहेत. "जागा रिकामी ठेवता येत नाही ना, कोट दिला सेकोंदोला."

तिनं गाडीकडे बघितलं. सेकोंदोला चौघं उतरवत होते. वर खिडकीत एर्नेस्ता उभी होती, संत्री आत येऊ नयेत म्हणून लावलेल्या जाळीला दोन्ही हातांनी धरून. ती सगळ्या वेळ तिथंच होती.

कुणी नुआलाकडे वळून बघितलं नाही. पोलीस उभा होता, त्यानंही नाही. पेरिनोनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मनापासून म्हणाला, "मी म्हणत होतो, ही टिकायची नाही. चुकलो. पुढच्या वर्षी आहात तुम्ही, मॅडम. मी बघतो." तिनं तो हात झटकला.

दवाखान्यात डॉक्टरांनी डोळा वाचवायचा प्रयत्न केला, नाही वाचला. एका डोळ्याच्या माणसाला पोरांची बस कोण देणार?

बुधवारी, कार्निव्हल संपला की, उपवासाचा दिवस, घरोघरी मक्याची घट्ट लापशी आणि कांद्यातला सुका मासा. सेकोंदो हट्ट करून घरी आला होता, अर्धं तोंड पट्टीत. एर्नेस्तानं तीन ताटं मांडली. नुआलाचं त्याच्या शेजारी, रोजच्यासारखं. जास्तीचा मासाही वाढला.

"तू गाडीवर आहेस हे मला माहीत नव्हतं," नुआला म्हणाली.

"मास्तरीणबाई, जेव," एर्नेस्ता म्हणाली.

"मुखवटा का काढलास रे?"

"तू वर चढायला लागलीस," सेकोंदो म्हणाला. "म्हटलं, पडेल ही. सांगावं, की मी आहे." तो हसायला गेला आणि दुखलं म्हणून थांबला.

गावानं नुआलाला सगळं दिलं होतं, नोकरी, मान, ह्या टेबलावरची जागा. फक्त गप्प बसायचं होतं. आमच्यातली असती तर बसली असती. तिच्या गावात माफी मागतात. तिनं चमचा ठेवला.

"जेव म्हणते ना!" एर्नेस्ताचा आवाज चढला. "गप्प बस. मी पाया पडते तुझ्या, पोरी, गप्प बस."

"मी मारलं," नुआला म्हणाली. "हात वर होता. मी बघितला होता."

एर्नेस्ता उठली आणि तिनं नुआलाच्या थोबाडीत मारली. फाटलेला ओठ पुन्हा फाटला. मग ती म्हातारी खुर्चीत बसली आणि पदरात तोंड घालावं तसं टेबलावरच्या फडक्यात तोंड घालून रडायला लागली.

"मला काय दिसलं नव्हतं का गं? खिडकीत मीच होते ना? बोलली नसतीस तर जन्मभर वाढलं असतं तुला. सून म्हणून वाढलं असतं. आता ऐकलंय मी. आता कसं वाढू?" तिनं हात पुढे केला आणि नुआलासमोरचं ताट ओढून घेतलं.

सेकोंदोनं ते ताट चाचपडत धरलं. एका डोळ्यानं अंतर कळेना, लापशी फडक्यावर सांडली. त्यानं ताट पुन्हा नुआलासमोर सरकवलं.

"जेवू दे तिला, आई," तो म्हणाला. तिच्याकडे मात्र त्यानं बघितलं नाही. "जेवण झालं की जाईल ती."