टाचेला वजरी, गालाला फडकं

देवगाव फाट्यावरच्या आमच्या दुकानात धुतलेले पॅड दोरीवर वाळत असतात. लोकरीचा, पिवळा फोमचा, काळा मऊ फोमचा. कुणी विचारलं, "गाड्या पॉलिश करण्यात एवढं काय असतं रे?" की मी त्या दोरीकडं बघतो. एकेका पॅडला एकेक गिऱ्हाईक लटकलेलं दिसतं! पॅड झिजले की फेकून देतो. किस्से फेकवत नाहीत.

*

बी.एस्सी. करून मी पॉलिशचं मशीन घेतलं, तेव्हा ठरवलंच होतं, परभणी जिल्ह्यात एकही गाडी चुकीच्या पॅडनं घासू द्यायची नाही! पहिल्याच गिऱ्हाइकाला वीस मिनिटं समजावलं. रंग कडक की नरम, त्याला कोणता पॅड, त्या पॅडवर कोणतं पॉलिश. भिंतीवर तक्तासुद्धा होता.

सेलूकडचे ते काका शांतपणे ऐकून म्हणाले, "म्हणजे टाचेला वजरी अन् गालाला मऊ फडकं. एवढंच ना?"

तक्ता त्याच दिवशी काढला.

*

दुकानात दुसरे आमचे करीमचाचा. आयुष्यभर गाड्या रंगवलेल्या. पत्र्यावर बोट फिरवून सांगतात, हा कंपनीचा रंग, हा नंतर मारलेला. ते नसतील तर मी आंधळा!

एकदा चारठाण्याहून लाल गाडी आली. बॉनेट पार धुरकट. चाचांनी बोट फिरवलं. "काय लावलंय हो याला?"

मालक खाली बघत म्हणाले, "चिंच अन् राख. बायकोनं घासली. म्हणली, तांब्याचं घंगाळ निघतं, मग गाडी का न्हाई?"

मऊ पॅडनं काही हललं नाही. पिवळ्या फोमवर जरा जोरकस पॉलिश घेतलं, तेव्हा कुठं लाल रंग वर आला. मालक खूश! पण जाताना हळूच म्हणाले, "तुमी काय लावलं ते घरी सांगू नका. ती म्हणायली, चिंचच कमी पडली!"

*

आमचा नियम असा. आधी टेप लावून फूटभराचा चौकोन करायचा. त्यात सगळ्यात मऊ पॅड, सगळ्यात सौम्य पॉलिश. भागलं नाही तरच पुढचं.

एक मास्तर गाडी लावून चहाला गेले. परत आले तर बॉनेटवर चौकोन आरशासारखा. मास्तर कडाडले, "अहो, एवढा तुकडा सोडून बाकीची गाडी तुमी खराब केली की!"

संध्याकाळपर्यंत अख्खी गाडी 'दुरुस्त' करून दिली.

*

चाचांना तो चौकोन पटत नसे. "बेटा, चाळीस साल चालवला हा हात. त्याची परीक्षा कायकू?"

मग पूर्णेचे रिटायर रेल्वे गार्ड त्यांची निळी गाडी घेऊन आले. मी जिंतूरला सामान आणायला गेलेलो. चाचांनी थेट सगळ्यात कडक, लोकरीचा पॅड आणि जाड, खरखरीत पॉलिश घेतलं. दाराच्या कडेला रंग उडून खालचा पांढरा प्रायमर उघडा पडला.

गार्डसाहेब रागावले नाहीत. तेच चाचांना जास्त लागलं. चाचांनी दार स्वतः रंगवून दिलं आणि मशीनला हात लावणं सोडलं. रोज येत, स्टुलावर बसत, बोट फिरवून रंग सांगत. पण चहा घेत नसत. "बिना काम की चाय गळ्याखाली उतरत नाही."

"चाचा, पॅड चुकला, हात नाही!" मी चिडायचो, भांडायचो. ते नुसते हसायचे. मी गिऱ्हाइकाला एक आणि मला एक, असे दोनच चहा सांगायला लागलो.

*

मागच्या महिन्यात गार्डसाहेब परत आले. आता मुलीची गाडी, काळी! काळ्यावर जरा चुकलं की उन्हात गोल गोल ओरखडे दिसतात.

"चाचांनीच करायची," म्हणाले.

"साब, हा बेटा माझ्यापेक्षा चांगलं करतो."

"मी बेट्याला इचारलंच न्हाई."

चाचा उठले. टेप मागितली. बॉनेटवर चौकोन आखला. दोरीवरचा काळा मऊ पॅड स्वतः काढून आणला.

गार्डसाहेब हसले. "टेस्ट कशाला? माझा तुमच्यावर भरोसा हाय."

"तुमचा हाय," चाचा म्हणाले. "माझा बघायचाय."

मशीन फिरलं, थांबलं. चाचांनी फडक्यानं पुसलं, गाडी उन्हात ढकलायला लावली, वाकून तिरकं बघितलं. दुसऱ्या बाजूनं जाऊन परत बघितलं.

मग टेप ओढून काढली, तिचा गोळा करून माझ्या अंगावर फेकला आणि फाट्यावरच्या हॉटेलकडं हात करून म्हणाले,

"तीन सांग रे. माझ्यात शक्कर जास्ती!"