लंकेचा महिना

दिग्रसला राहून आम्ही एक महिना लंकेत संसार केला. हसू नका. अक्कल माझीच होती, आणि ती मला अजून डाचते.

माझा नवरा शाळामास्तर. दीक्षा घेऊन तीनेक वर्षं झाली असतील, तेव्हा सिलोनातल्या एका विहाराच्या शाळेनं त्यांना शिकवायला बोलावलं. पगार दीडशे रुपये! गल्लीत जो तो टोमणा मारायचा, "लंकेत सोन्याच्या इटा! एखांदी आमच्यासाठी बी आनजा, गुरुजी."

तिकडे आधी गेलेल्या एका ओळखीच्या गृहस्थांना यांनी महिन्याचा खर्च विचारला. उत्तर आलं. घरभाडं, तांदूळ, डाळ, खोबऱ्याचं तेल, सगळ्याचे भाव लिहिलेले. एकट्या माणसाला सत्तर, नवरा-बायकोला एकशे दहा, दोन लेकरं असली तर एकशे चाळीस. संपलं पत्र. घरात म्हातारी आई असते हे त्या भल्या माणसाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, उरलेल्या दहा रुपयांत बसवायचं होतं.

"माय मागं राह्यली तर मी जात नाही," हे एकदाच बोलले आणि विषय संपवला. त्यांच्याशिवाय आत्याबाईंना होतं कोण? आणि त्यांना जायचंही होतं. तिकडे बोधीचं झाड आहे हे ऐकल्यापासून म्हातारी भिक्खूंच्या गोष्टींशिवाय दुसरं बोलत नव्हती. "हातरून पाहून पाय पसराव म्हन्तेत न," त्या मला म्हणाल्या, "मी पाय पोटाशी घेऊन निजीन, पोरी. पन मले ने."

मग मी ठरवलं, महिनाभर तिकडच्यासारखं राहून पाहू. खाणं तिकडचं, भावही तिकडचे. ज्वारीचं गाडगं बांधून ठेवलं आणि दोन्ही वेळ भात शिजवायला लागले. रोज शेरानं मापायचं आणि कागदावर मांडायचं. लेकरं भोकाड पसरायची, "भाकर दे!" मी डाफरायची, "लंकेत भाकर नसते, गिळा मुकाट्यानं."

पहिला आठवडा जड गेला. खर्च दीडशेच्या पुढे पळत होता. मग एक दिवस आत्याबाईंनी जाहीर केलं, "मी आता दुपारून जेवत नाही, रातचं बी नाही. भंतेजी बी जेवत नाहीत." यांना केवढा अभिमान वाटला! मलाही वाटला, खोटं कशाला बोलू? आणि खर्च उतरला. अठ्ठावीस दिवसांची बेरीज करून मी महिन्याचा अंदाज काढला, एकशे अठ्ठेचाळीस. मी जागच्या जागी टाळ्या पिटल्या आणि आत्याबाईंना सांगायला धावले.

त्या घरात नव्हत्या. दिवस कलला होता. मागच्या गल्लीत कापसाच्या जिनाच्या चौकीदाराच्या परसदारी त्या पदर पसरून उभ्या होत्या. चौकीदाराच्या बायकोनं हात उंच धरून वरून एक शिळी भाकर त्या पदरात टाकली.

माझ्या याच सासूनं फुलसावंगीला असताना अर्धं आयुष्य घरोघर महारकीची भाकर मागितली होती. दीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी भाकरीची दुरडी चुलीत घालून म्हणाली होती, "आता मेली तरी कोनाच्या दारात हात पसरनार नाही."

"आत्याबाई, हे काय करून राह्यले तुमी?"

"भातानं पोट भरत नाही, पोरी. दिवस बुडाला का पोट कोरते."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तर तू कागदावर मांडलं असतं." त्यांनी पदर घट्ट आवळला. "हे भाकर मांडू नको. दोन दिवसाचा सवाल हाये. तिकडं गेल्यावर पाहून घेईन."

मला राहवलं नाही. घरी आल्या आल्या मी यांना सगळं सांगून टाकलं. ते भिंतीला टेकून बसले. मग म्हणाले, "ज्या घरासाठी मायले पुन्हा पदर पसरावा लागते, ते घर मले नको." दुसऱ्या दिवशी नकाराचं पत्र टाकून आले.

ज्वारीचं गाडगं मी सोडलं. आत्याबाई आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मला वाटायचं, लाजल्या असतील. नवव्या दिवशी त्यांच्या ताटात गरम भाकर वाढली, वर लसणाचा ठेचा. त्यांनी भाकरीला हात लावला नाही, माझ्याकडे पाहत राहिल्या.

"बोधीच्या झाडापायी इतका सोन्यासारखा नेम मोडून भाकर मांगतली होती वं," त्या म्हणाल्या. "तू ते बी वाया घातली."