मागच्या सीटवर बसण्याचं काम

गाड्यांना हौसेची चाकं बसवून देणाऱ्या त्या दुकानात यंत्रं पुष्कळ होती, पण शेवटची परीक्षा घ्यायची ती मिस्त्रींच्या बायकोने. राहायला दुकानाच्या वरच. नवी चाकं लागून गाडी जॅकवरून उतरली की मिस्त्री जिन्याकडे तोंड करून हाक मारत, "अगं, येतेस का बसायला?"

गिऱ्हाइकांच्या या मावशी हात पुसत खाली येत आणि मागच्या सीटवर ऐसपैस बसत. अंगाने चांगल्या भरलेल्या. शिवाय डिकीत दोन जुने टायर टाकायचे आणि गाडी दारातल्या उंचवट्यावरून हळू न्यायची. चाक कुठे घासलं तर मावशींना ते आधी सीटमधून कळे, मग कानांनी.

"मोकळ्या गाडीत काय, सगळंच छान," त्या गिऱ्हाइकाला सांगत. "तुम्ही सासू-सासऱ्यांना मागे बसवाल तेव्हा कळेल."

लग्नानंतर लगेचच मिस्त्रींनी त्यांना ऑफसेट म्हणजे काय ते पिठाची चाळणी हातात घेऊन समजावलं होतं. कडं म्हणजे चाक आणि जाळी म्हणजे गाडीला बोल्ट लागतात ती जागा. जाळी कड्याच्या बरोबर मधोमध असेल तर ऑफसेट शून्य. ती बाहेरच्या कडेकडे सरकली की आकडा वाढतो आणि चाक गाडीच्या पोटात शिरतं. आतल्या कडेकडे सरकली की चाक बाहेर डोकावतं. हा आकडा मिलिमीटरमध्ये चाकाच्या आतल्या बाजूला कोरलेला असतो. "माप तेच, बोल्ट तेच, आणि तरीही चाक चुकीचं असू शकतं," मिस्त्री म्हणाले होते. चाळणी मात्र त्या दिवशी दोनदा घासावी लागली.

एका रविवारी लेक आणि जावई आले. जावई हौशी माणूस, पण गाडीचं काम आजवर बाहेरच्या मोठ्या दुकानात करून घ्यायचा. मिस्त्री त्यावर कधी बोलले नव्हते. फक्त त्याची गाडी दिसली की आधी चाकांकडे बघत आणि मग त्याच्याकडे. आज तो स्वतःहून काळी चकचकीत चाकं घेऊन आला. "बाबा, ही तुम्हीच लावायची."

मिस्त्रींनी धुतलेला शर्ट घालून काम केलं. सगळा वेळ शीळ चालू होती. चारही चाकं लागली, बोल्ट आवळून झाले आणि हाक आली.

मावशी गाडीला वळसा घालून आल्या आणि थबकल्या. मागची चाकं पत्र्याच्या बाहेर डोकावत होती.

"आकडा बघितलात का?" त्यांनी हळूच विचारलं.

"वीस आहे."

"आणि या गाडीला?"

"पंचेचाळीस." मिस्त्री पाना पुसत राहिले. "चालून जाईल. बस तू."

आयुष्यात कुठल्या गिऱ्हाइकाला या माणसाने 'चालून जाईल' म्हटलं नव्हतं. मावशी आत बसल्या. जावयाने गाडी काढली. उंचवट्यावर मागून खर्रकन आवाज आला.

"खडा असेल," जावई म्हणाला.

मावशींनी बाहेर पाहिलं. नवऱ्याचा चेहरा लग्नघरातल्या माणसासारखा खुलला होता. आता तोंड उघडलं तर ती खुशी जाणार, आणि जावई पुन्हा या दारात काम घेऊन येईल याचा भरवसा नाही. न उघडावं, तर याच गाडीत लेक मागे बसणार, शेजारी तिची सासू.

"पुन्हा घ्या बरं उंचवट्यावरून."

पुन्हा खर्र. या वेळी रबराचा वासही आला.

"जावईबापू, टायर पत्र्याला लागतोय. ही चाकं या गाडीची नाहीत."

जावयाने इंजिन बंद केलं. "आई, दोष चाकाचाच आहे ना? की..."

"म्हणा, म्हणा! वजनाचा! अहो, तुमच्या घरची तिघं मागे बसली की मी चवळीची शेंग!"

लेक फस्सकन हसली. जावई हसला नाही. उतरून वाकला आणि टायरच्या कडेवरचा ताजा ओरखडा बोटाने चाचपला. "बाबा, तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं," मिस्त्री म्हणाले. "तुम्ही एवढ्या हौशीने आणलीत. नाही म्हणायला जीभ रेटेना."

जावई कान खाजवत उभा राहिला. "दुकानदार म्हणाला, बाहेर आलेली रुबाबदार दिसतात. मी आकडा विचारलाच नाही. रस्त्यावर फिरवली नाहीत तर बदलून देईन म्हणालाय. पण मला त्यातलं काय कळणार? तुम्ही येता का बरोबर?"

मिस्त्रींनी पाना ठेवला. "आत्ता?"

"आत्ता."

जुनी चाकं परत चढली, नवी डिकीत आणि मागच्या सीटवर गेली. मिस्त्री पुढे बसले. गाडी सुटण्याआधीच त्यांनी एक तळवा उभा धरून दुसरा त्याच्या आतबाहेर सरकवायला सुरुवात केली होती, आणि जावई स्टिअरिंग सोडून त्या हातांकडे बघत होता.

"पुढे बघून चालवा म्हणावं!" मावशी ओरडल्या.

तासाभराचं काम होतं. दोघं दिवेलागणीला आले. बदलून आणलेल्या चाकांवरचा आकडा पंचेचाळीसच होता, पण त्या दुकानात पोचण्याआधी दोघांनी नुसती चाकं बघत आणखी चार दुकानं पालथी घातली होती.