पानावरचा मुंढा

शिवणबाईंचा क्लास कुणी बंद पाडला नाही. आधी गुडघ्यांनी असहकार पुकारला, मग डोळ्यांनी, आणि शेवटी शिकणाऱ्या बायकाच येईनाशा झाल्या. तयार कपडे दुकानात लटकत असताना भर उन्हात टेप गळ्यात घालून कोण येणार? मागच्या खोलीतली मशिनं एकेक करून गेली. एक ठेवलं होतं, त्यावर इस्त्रीला द्यायच्या कपड्यांचा ढीग बसून असे.

बाईंनी आयुष्यभर बेतायला शिकवलं. शिवणं काय, सरळ रेषेत चालता येणाऱ्या कुणालाही येतं, असं त्या तोंडावर सांगत. कात्री लावायच्या आधी अख्खा कपडा डोक्यात उभा करायचा, हे खरं काम. त्यासाठी त्यांनी स्वतःची एक पद्धत बसवली होती. एक छातीचं माप घ्यायचं आणि बाकी सगळी मापं त्याच्या भागांवरून काढायची. ही पद्धत आपल्याबरोबरच सरणावर जाणार, हे त्यांना हल्ली दिसू लागलं होतं आणि ते त्यांना मुळीच मंजूर नव्हतं.

म्हणून सुनेने साइट काढून दिली.

सून एका रंगाच्या कंपनीत होती. तिथल्या साइटवर मजकूर चढवायचा, उतरवायचा, हेच तिचं काम. दिवसभर लोकांच्या भिंती उजळून ती संध्याकाळी घरी येई तेव्हा तिचा स्वतःचा रंग पार उडालेला असे. तरी सुट्टीच्या दिवशी दोघी बसायच्या. बाई सांगायच्या, सून टाइप करायची. फ्रॉकचं एक पान, सदऱ्याचं एक, झबल्याचं एक. प्रत्येक पानावर बाईंचं पूर्ण नाव, ठसठशीत. तळाशी फोन नंबर; तो बाईंनीच हट्टाने घालायला लावला.

"अहो आई, कोणीही फोन करेल."

"करू दे की. नाहीतर मी आहे की गेले, हे कळणार कसं लोकांना?"

तीन-चार वर्षं तो नंबर कुणी फिरवला नाही. मग फोन आला तो भांडायलाच आला. पलीकडची बाई म्हणाली, "तुमच्या पानावरून बाळाचं झबलं बेतलं. हात आत गेला, पण खांद्याशी असा आवळला की पोरगं काळंनिळं होईतो रडलं."

बाईंनी पान उघडून चष्मा चढवला. तिथे लिहिलं होतं, मुंढ्याची खोली छातीच्या सहाव्या भागाइतकी. मुंढा म्हणजे हातासाठी कपड्यात ठेवतात ती जागा, जिथे बाही जोडतात. सहावा भाग! तेवढ्या जागेतून बाहुलीचाही हात गेला नसता. हवा होता चौथा. ही चूक सांगणारीची की टाइप करणारीची, यावर घरात दोन मतं होती आणि दोन्ही ठाम होती.

बाईंनी सुनेला ऑफिसात फोन लावला.

"आई, मी मीटिंगमध्ये आहे. एडिट दाबा, आकडा बदला, सेव्ह करा. संपलं."

बाईंनी तसं केलं. 'सहाव्या'चं 'चौथ्या' झालं, डोळ्यांनी पाहिलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच काही शिवल्याशिवाय दुरुस्त झालं म्हणून बरंही वाटलं.

चार दिवस गेले नाहीत तोच आणखी एका बाईचा फोन. तीच तक्रार.

"बाई, चष्मा बदला," शिवणबाई म्हणाल्या. "चौथा भाग लिहिलंय. पान समोर उघडं आहे माझ्या."

"माझ्याही समोर उघडं आहे. सहावा लिहिलंय."

"चौथा!"

"सहावा! मी काय अक्षरशत्रू आहे?"

पान एक, बायका दोन, आणि दोघीही खऱ्या. बाईंनी फोन ठेवला तेव्हा त्यांना स्वतःच्याच डोळ्यांची भीती वाटली. डॉक्टरने मोतिबिंदू म्हटलं होतं, पण मोतिबिंदूने सहाचे चार झालेले कुणी ऐकलंय?

संध्याकाळी सुनेने चप्पल काढायच्या आधी पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "तुम्ही ड्राफ्ट सेव्ह केलात. पब्लिश नाही केलंत."

"मराठीत सांग."

"म्हणजे तुमची दुरुस्ती तुमच्यापुरती राहिली. तुम्ही आत शिरलेल्या आहात म्हणून तुम्हाला ती दिसते. बाहेरच्यांना जुनंच पान दिसतंय."

"मलाच दिसते आणि जगाला दिसत नाही? मग ती दुरुस्ती कसली? नुसती मनातली इच्छा झाली."

"तसंच समजा," सून म्हणाली. तिला विनोदावर हसायचंही त्राण नव्हतं. तिने पब्लिश दाबलं आणि भाताला पाणी ठेवायला गेली.

बाईंनी त्या भांडकुदळ बाईला आपणहून फोन केला. माफी मागायचीच होती. पण ती म्हणते, अजून सहावाच! आता मात्र बाई स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"कॅशे," सून पातेल्याकडे बघत म्हणाली. "तिच्या फोनने जुनं पान साठवून ठेवलंय. दर वेळी नवं आणायचा खटाटोप नको म्हणून जवळचंच दाखवतो."

"शिळं वाढतो म्हण."

"हो, शिळं. तिला म्हणावं, रिफ्रेश कर."

पलीकडच्या बाईने रिफ्रेश केलं. "झाला बघा चौथा," ती म्हणाली. मग, "पण माझं कापड गेलं ते गेलंच ना?" यावर शिवणबाईंकडे कुठलंच बटण नव्हतं.

प्रकरण इथे मिटायला हवं होतं. बाईंनाही तसंच वाटत होतं. ड्राफ्ट, पब्लिश, कॅशे एवढं शिकल्यावर माणसाला थोडी विश्रांती मिळायला हरकत नव्हती. पण पुढच्या आठवड्यात एक मऊ आवाजाची बाई फोनवर आली. तिला भांडायचं नव्हतं, फक्त विचारायचं होतं.

"तुमच्यात मुंढा चौथा भाग दिलाय. त्या दुसऱ्या बाईंच्यात सहावा आहे. बाकी सगळं सारखंच. मग खरं कुणाचं धरू? शोधलं की त्यांचंच पान पहिलं येतं, तुमचं अगदी खाली कुठेतरी. म्हणजे त्यांचंच बरोबर असणार, नाही?"

बाईंनी पान शोधायला लावलं. सुनेने उघडलं आणि दोघी पडद्यावर वाकल्या. झबलं, फ्रॉक, सदरा, सगळं होतं. वाक्यंच्या वाक्यं, 'शिवणं कुणालाही येतं' हा टोमणासुद्धा. वर नाव मात्र दुसऱ्याच क्लासचं, आणि बाजूच्या फोटोत कानामागे शिवणाचा खडू खोचून हसणारी एक बाई.

"ही तर आपली खडूवाली!" शिवणबाई म्हणाल्या.

खडूवाली त्यांचीच शिष्या. वर्षानुवर्षं पुढच्या जागेवर बसलेली, बाई बोलतील ते टिपून घेणारी. आता तिचा स्वतःचा क्लास होता आणि तो चालत होता.

"तिने नुसती लिंक द्यायला हवी होती," सून सांगू लागली. कामाचा विषय निघाला की ती थोडी जागी व्हायची. "लिंक दिली असती तर तिच्याकडचे लोक तुमच्या पानावर आले असते. तुम्ही आकडा सुधारलात की त्यांना सुधारलेलाच मिळाला असता. हिने कॉपी मारली, आणि तीही चूक होती तेव्हाची. आता तुम्ही तुमच्या पानावर काहीही करा, तिकडे पोचत नाही."

"लिंक म्हणजे माझ्या घराचा पत्ता सांगणं," बाई म्हणाल्या. "हिने घरच उचलून नेलं. ढेकणांसकट."

"मग तक्रार करू. पान उतरवायला लावू."

बाईंनी फोटोजवळ चष्मा नेला. सुनेने त्यांच्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "नाहीतर राहू द्या. नाव तिने स्वतःचं लावलंय ना? मग शिव्याही तिलाच पडतील."

शिवणबाई काही साध्वी नव्हत्या. ही कल्पना त्यांना आवडली, आणि चांगली दिवसभर आवडली. दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कोणी नसताना त्यांनी खडूवालीचं पान मुद्दाम उघडलं, बोटाने खाली सरकवत नेलं. पानाखाली लोक कमेंट लिहितात हे त्यांना ठाऊक होतं. खडूवालीला कशा शेलक्या शिव्या पडल्यात ते बघायचं होतं त्यांना.

एकही शिवी नव्हती.

'ताई, किती सोपं करून सांगता! माझाच मुंढा लहान झाला, माझ्या हाताला वळण नाही.'

'दोनदा कापलं, दोनदा बिघडलं. सासूबाई म्हणाल्या, कापडं नासायचा उद्योग पुरे कर.'

'बाळ झबलं घातलं की रडतं. मीच कुठेतरी चुकतेय. मशीन बहिणीला देऊन टाकलं.'

आणि प्रत्येकीखाली खडूवालीचं उत्तर: 'सराव करा, जमेल.'

बाई वाचत गेल्या. बायका खूप होत्या, आणि एकीलाही पान चुकलं असेल अशी शंका आली नव्हती. छापल्यासारखं दिसतंय म्हणजे बरोबर, आणि बिघडलं म्हणजे आपण. पाठीत एक जुना शीण असतो, दिवसभर मशीनवर वाकल्यानंतरचा, तो त्यांना खुर्चीत बसल्या बसल्या जाणवला. कालची मजा पार उतरली होती.

त्यांनी खडूवालीला फोन लावला.

"अय्या, बाई! तुम्ही! तब्येत बरी ना?"

"तब्येत राहू दे. झबल्याचा मुंढा किती?"

पलीकडे चालू असलेलं मशीन थांबलं. मग खडूवालीचा आवाज बारीक झाला. "पान बघितलंत होय?"

"बघितलं."

"बाई, खरं सांगते, मी एक अक्षर बदललं नाही हो."

"नाव सोडून."

"नाव..." ती अडखळली. "पण बाकी काना मात्रा तुमचा. तुम्हीच म्हणायचात ना, मी सांगते ते जसंच्या तसं उतरवा, मध्ये स्वतःची अक्कल चालवू नका."

"म्हणायचे. पण सहावा भाग उतरवताना तुझ्या हाताला खटकलं नाही? इतकी झबली शिवलीस तू!"

"खटकलं की. मी स्वतः बेतताना चौथाच घेते. क्लासातही चौथाच शिकवते. पण तुम्ही लिहिलंय म्हटल्यावर मला वाटलं, काहीतरी कारण असेल. तुम्हाला काय विचारायचं?"

शिवणबाईंनी वर्गात प्रश्न विचारणाऱ्या मुलींना आधी टाके उसवायला बसवलं होतं. प्रश्न विचारायची सवय मोडायला त्यांना फार वेळ लागला नव्हता.

"चूक माझ्या घरची आहे," त्या म्हणाल्या. "चौथा कर. आत्ता, मी फोनवर आहे तोवर."

खडूवालीने केलं. बाईंनी शेजारणीला हाक मारून तिच्या फोनवर पान उघडायला लावलं. चौथा दिसला तेव्हाच सुटकेचा श्वास टाकला.

"बाई, तुमचं नाव घालते मी," खडूवाली म्हणाली. "म्हणजे घालेनच. फक्त एकदम नको. क्लासच्या बायकांना मी आजवर सांगत आले की ही पद्धत..."

"तुझी. कळलं मला. ते नंतर बघू. आधी त्या खाली लिहिणाऱ्या सगळ्या बायकांना कळव की त्यांचं चुकलं नव्हतं."

"सगळ्यांना? बाई, किती जणी आहेत! आणि जुन्या कमेंट कोण वाचतंय आता?"

"ज्यांनी लिहिल्या त्या."

खडूवाली म्हणाली, बघते. 'बघते' म्हणजे काय, हे बाईंना कुणी शिकवायला नको होतं.

सुट्टीच्या दिवशी त्या आणि सून पुन्हा शेजारी बसल्या. खडूवालीच्या पानावर प्रत्येकीच्या कमेंटखाली उत्तर लिहायचं होतं आणि प्रत्येक वेळी उत्तराचा चौकोन आधी नाव मागत होता. बाईंनी पूर्ण नाव सांगितलं. "तुमचं चुकलं नाही. पानावर माप चुकीचं होतं. मुंढा छातीच्या चौथ्या भागाइतका घ्या. चूक माझी." सून टाइप करत होती, तिची बोटं दुखत होती, आणि शेवटी तिने टाइप करता करताच म्हटलं, "आई, या पानावर तुमचं नाव वर लागायला हवं होतं. आणि लागतंय कुठे? खाली, दर वेळी 'चूक माझी'च्या शेजारी."

"लागतंय ना? मग लिही."

"चूक माझी, असं का? कदाचित मीच सहावा टाइप केला असेल."

"असेलही. पण या बायकांना घरातलं भांडण कशाला सांगायचं? लिही."

खडूवालीने उत्तरं अडवली नाहीत, एवढं तिचं मानायला हवं. ती उत्तरं पानावर दिसू लागली. बहुतेक जणींकडून काहीच आलं नाही. दुपार कलती झाली, सुनेने दोनदा मान मोकळी केली, बाईंनी तिच्यासाठी चहा केला आणि साखर घालायची विसरल्या. मग एक उत्तर आलं. मशीन बहिणीला देऊन टाकलेल्या बाईचं.

सुनेने मोठ्याने वाचलं. "'सांगितलंत, बरं झालं. ते बाळ आता शाळेत जातं. झबल्याचं वय गेलं. मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी कमी आहे.'"

सून म्हणाली, "हिला काय लिहायचं?"

शिवणबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला. त्या ओळी स्वतः एकदा वाचल्या.

"काही नको," त्या म्हणाल्या. "पुढचीचं उघड."